फोटोतला झोपाळा आणि मागचा जिना

"ताई, पत्र लांबलंय, कापलंत तरी चालेल. आम्ही पुण्याचे. मे महिन्यात मुलांना सुट्टी म्हणून दापोलीजवळच्या एका समुद्रकाठच्या गावात शुक्रवार-शनिवार दोन रात्री घरगुती निवास-न्याहारीला जाऊन आलो. मी, नवरा, दोन मुलं, सासू-सासरे. ठिकाण नणंदेने सुचवलं, तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीच्या काकांचं आहे. काकांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले, कौलारू घर, ओटीवर झोपाळा, मागे नारळ, आणि खाली लिहिलं, 'एसी रूम, नाश्ता धरून ३,२०० पर डे, बीच वॉकेबल'. दोन रूमचे दोन रात्रींचे १२,८०० झाले, अर्धे आधीच जीपे केले. पोचलो तर पुढच्या घरातल्या रूम दुसऱ्याच पार्टीला दिलेल्या. आम्हाला मागच्या नव्या स्लॅबच्या बिल्डिंगमध्ये वर पाठवलं. जिन्याला कठडा नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात हे मी बुकिंगच्या वेळीच सांगितलं होतं. त्या शनिवारी खाली उतरल्याच नाहीत, ताट वर नेलं. समुद्र दीड किलोमीटरवर. लाईट दोनदा गेली, बाथरूममध्ये पाल, पाणी सकाळी दोन तासच. सुरमईचं ताट ४५० रुपये आणि तुकडा एवढासा. शनिवारी नाश्ता दोनदा सांगून साडेदहाला आला, तोही गार पोहे, रविवारी 'पोहे संपले' म्हणून ब्रेड-बटर. शनिवारी रात्री शेजारच्या ग्रुपने एक वाजेपर्यंत स्पीकर लावला आणि काकांचा फोन बंद. सकाळी त्याच ग्रुपमधल्या एकाशी बोलताना कळलं की त्यांना तशीच रूम २,२०० ला दिलीय! निघताना एसीचं लाईट बिल म्हणून ६०० आणि जादा गादीचे ३०० लावले, नवऱ्याने काही न बोलता दिले. मला इतका संताप आला की माणगावला चहाला थांबलो तिथेच बसून एक स्टार दिला आणि लिहिलं, 'चोर लोक आहेत, फसवणूक, कोकणी माणूस असाच, कुणीही जाऊ नका.' रात्री नणंदेचा फोन, काका दुखावलेत, रिव्ह्यू काढ, मला ऑफिसात तोंड दाखवायला जागा नाही. नवरा म्हणतो सोड ना. रिव्ह्यू काढू का? पैसे मागू का? की माझंच चुकलं? – वैतागलेली, पुणे"

अगं वैतागलेली,

तुला तू म्हणते, चालेल ना. आधी थोडक्यात सांगून टाकते म्हणजे तुला शेवटपर्यंत वाट बघायला नको. रिव्ह्यू काढू नकोस, बदल. पैसे माग, पण सगळे नको. आणि चुकलं का म्हणशील तर थोडं चुकलं, फक्त माणगावला चहाच्या टपरीवर नव्हे, त्याच्या दोन दिवस आधीही चुकलं.

शुक्रवारी तुम्ही पोचलात, हातात बॅगा, मुलं दमलेली, आणि कुणीतरी पोऱ्या म्हणाला चला मागे, तुमची रूम तिकडे. तेव्हा तुम्ही सहाच्या सहा जण त्याच्या मागे निघालात. तिथे थांबायचं होतं. बॅगा ओटीवर ठेवायच्या, मोबाईलवर काकांनी पाठवलेला तो झोपाळ्याचा फोटो उघडायचा आणि शांतपणे विचारायचं, काका, ही रूम कुठेय? एवढंच. तेव्हा काकांकडे तुमचे ६,४०० होते पण उरलेले ६,४०० तुमच्या खिशात होते, शिवाय मे महिन्यात घरासमोर पाहुणे उभे राहून बोलतायत हे कुठल्याही यजमानाला नको असतं. त्या पाच मिनिटांत निदान तळमजल्याची एक खोली सासूबाईंना मिळाली असती असं मला वाटतं. एकदा वर जाऊन बॅगा उघडल्या की झालं, मग तुम्ही ती रूम घेतलीत असंच सगळे धरून चालतात.

आणि हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये हं, मी स्वतः याच्यापेक्षा वाईट वागलेय. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं घाटमाथ्यावर एका छोट्या ठिकाणी राहिलो, पावसाळा होता, गादीला इतकी ओल की रात्री मी उठून शाल अंथरून त्यावर झोपले, उशीला कुबट वास, सकाळी चहा मागितला तर दूध यायचंय. आणि निघताना मालक दारात येऊन म्हणाले, कसं वाटलं? मी काय म्हणावं? "छान होतं हो, शांत आहे अगदी!" वर त्यांनी दिलेली जांभळं पिशवीत घालून घेतली आणि पुढे घरी पोचेपर्यंत नवऱ्याचं डोकं खाल्लं. आपल्याकडे हे असंच चालतं, तोंडावर सगळं गोड आणि मग गाडीत बसलो की तोफखाना. तुझा तोफखाना नेटवर गेला एवढाच फरक.

आता तुझ्या तक्रारींकडे येऊ. मी पत्र दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन बसले आणि काही वाक्यांवर सरळ काट मारली. लाईट गेली, काट. पाल, काट. पाणी दोन तास, काट. रागावू नकोस, पण मे महिन्यात तिकडच्या विहिरी तळाला गेलेल्या असतात, मोटर लाईट असेल तेव्हाच चालते, टाकी भरली की ती दिवसभर पुरवायची, आणि पाल तर काय, कौलाखाली आणि स्लॅबखाली दोन्हीकडे नांदते, तिला काकांनी बोलावलेलं नाही. सुरमईवरही काट. दापोलीला गेलीस तर हर्णै बंदरावर संध्याकाळी माशांचा लिलाव होतो तो बघायचा होता, एकदा तिथे सुरमईचा भाव कानावर पडला की ४५० चं ताट एवढं टोचत नाही. मे संपत आला की मासा आणखी महाग होतो, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत तर यांत्रिक होड्यांची मासेमारीच बंद असते. (जुलैत जाऊन ताजी सुरमई मागणाऱ्यांचीही पत्रं मला येतात, त्यांना काय उत्तर देणार!)

माझी मावशी केळशीकडे असते, म्हणजे तुम्ही गेलात तोच तालुका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तिच्या वाडीतल्या पोफळी आणि नारळ इतके झोपले की सकाळी घरामागे उभं राहिलं तर पूर्वी कधी न दिसलेलं शेजाऱ्यांचं घर दिसत होतं. पोफळ नव्याने लावली तर सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. तोवर खायचं काय? म्हणून तिने घरातल्याच दोन खोल्या नीट करून पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. त्या किनाऱ्यावर अशी बरीच घरं आहेत. हे लोक हॉटेलवाले नाहीत, बागायतदार आहेत, आणि नेमके मे महिन्यात पाहुणेही येतात आणि आंबाही उतरत असतो. मी मागच्या मे मध्ये तिच्याकडे चार दिवस होते. बाई पहाटे साडेचारला उठून आधी मोटर लावते कारण लाईटचा भरवसा नाही, मग घावनाचं पीठ सारखं करते. घावन हा प्रकार आधी करून ठेवता येत नाही गं, बिडाचा तवा तापला की नारळाच्या शेंडीने तेल फिरवायचं, पीठ ओतायचं, झाकण ठेवायचं, कडा सुटल्या की काढायचं आणि तसंच गरम ताटात द्यायचं. पहिलं हमखास चिकटतं, ते मांजराला. अकरा माणसांना तीन-तीन म्हटलं तरी तेहतीस घावनं, एक तवा, एक बाई. म्हणून बरेच जण पोह्यांवर येतात. पोहे करण्यात काही गैर नाही. ते साडेदहाला गार देण्यात आहे, आणि दुसऱ्या दिवशी पोहे संपले म्हणून ब्रेड-बटर देणं म्हणजे तर हद्द झाली, पोहे काय सुरमई आहेत का संपायला, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात! "न्याहारी" हा शब्द ज्याच्या पाटीवर आहे त्याने सकाळी काहीतरी गरम द्यावं एवढी अपेक्षा बाळगायला तुला पूर्ण हक्क आहे.

त्या पाटीवरून आठवलं. निवास-न्याहारी ही एमटीडीसीने, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाने सुरू केलेली योजना, आणि केंद्र सरकारचीही बेड अँड ब्रेकफास्टची योजना आहे, त्यात जास्तीत जास्त सहा खोल्या, बारा बेड, आणि मालकाने तिथेच राहायला हवं अशी अट आहे. मूळ कल्पनाच ती, घरातली माणसं घरात असणार आणि तुम्ही त्यांचे पाहुणे. आता रात्री एक वाजता स्पीकर दणदणतोय आणि काकांचा फोन बंद, म्हणजे काका तिथे झोपत होते का, हा प्रश्न आहे. मागे पुढे बिल्डिंगा वाढवत नेल्या की ते घर उरत नाही, बिनपाटीचं लॉज होतं. (स्पीकरचं म्हणशील तर रात्री दहानंतर सकाळी सहापर्यंत उघड्यावर लावायला बंदी आहे, ११२ ला फोन करता येतो, पण तू केला नसतास, मीही नसता केला, आधी नवऱ्याला उठवून त्या पोरांशी बोलायला पाठवलं असतं.)

काट मारून झाल्यावर जे उरलं ते मात्र खरंच गंभीर आहे आणि त्यावर मी तुझ्या बाजूने आहे. एक म्हणजे रूम बदलली. असं का होतं ते मी जवळून बघितलंय, वहीत काका लिहितात, मुंबईहून पुतण्या फोनवर वेगळं बुकिंग घेतो, मग एखादा मोठा ग्रुप चार खोल्या तीन दिवस मागतो आणि पुढचं घर त्यांना जातं. होतं. पण ते शुक्रवारी दुपारी अचानक होत नाही, एक-दोन दिवस आधी काकांना माहीत असणार. तेव्हा एक फोन केला असता, "ताई, पुढची खोली गेली, मागची आहे, २,२०० ला, चालेल का?" तर तू कदाचित हो म्हणाली असतीस, कदाचित दुसरं ठिकाण बघितलं असतंस. तो फोन त्यांनी केला नाही, आणि २,२०० ची खोली ३,२०० ला दिली. इथे मला त्यांची अजिबात कीव येत नाही, वादळ असो नाहीतर आंबा.

दुसरं, कठडा. सगळ्यात जास्त मला तोच खटकला आणि तू तो एका वाक्यात उरकलास, पोह्यांना त्याच्यापेक्षा जास्त जागा दिलीस. पाहुणा पहिल्या मजल्यावर पाठवायचा, त्यात गुडघे दुखणारी म्हातारी बाई, त्यात लाईट जाते, आणि जिना उघडा. स्लॅब पडला, पैसे संपले, कठडा पुढच्या सीझनला, असं चालतं तिकडे, माहितीय मला. पण मग पुढच्या सीझनपर्यंत वर माणसं पाठवू नका ना.

आता पैशांचा हिशोब. फरक एका खोलीचा एका रात्रीला १,०००, दोन खोल्या, दोन रात्री, म्हणजे ४,०००. एसीचे ६०० पूर्ण परत मागायचे, कारण मेसेजमध्ये "एसी रूम" असं लिहिलंय, पुढे "लाईट बिल वेगळं" असं कुठेही नाही. काही ठिकाणी एसीचे वेगळे घेतात, ते चुकीचं नाही, पण आधी सांगून. गादीचे ३०० मात्र मी सोडले असते. जादा गादीचे पैसे बहुतेक सगळे घेतात आणि तू सहा जणांना दोन खोल्यांत बसवताना ते विचारायला हवं होतंस. नाश्त्याचा भाव काढत बसू नकोस, त्यात तू चिंधीचोर दिसशील आणि मुद्दा बाजूला राहील. म्हणजे ४,६००. एवढाच आकडा सांग, "जे काय वाटेल ते द्या" म्हणू नकोस, कारण काय वाटेल ते म्हटलं की काहीच वाटत नाही.

ज्या फोनवरून बुकिंग झालं त्याच फोनवरून, त्याच चॅटमध्ये लिही, म्हणजे वर तो फोटो आणि तो दर दिसतच राहील. मी लिहून देते, तू तुझ्या शब्दांत बदल:

"काका नमस्कार. मे महिन्यात आम्ही सहा जण दोन रात्री आलो होतो. बुकिंगच्या वेळी तुम्ही पाठवलेल्या फोटोतल्या खोल्या न देता मागच्या इमारतीतल्या वरच्या खोल्या दिल्यात, त्याची आधी कल्पना दिली नाहीत. तशीच खोली इतरांना २,२०० ने दिली होती असं समजलं. तो फरक ४,००० आणि एसीचे जादा घेतलेले ६०० असे ४,६०० परत करावेत ही विनंती. आईंना गुडघ्यांचा त्रास आहे हे आधी सांगितलं होतं, जिन्याला कठडा नसल्याने त्यांचे फार हाल झाले. तो लवकर बसवून घ्या. मी रागात जे लिहिलं त्यातले शब्द बदलत आहे, झालेलं मात्र तसंच ठेवते."

शेवटचं वाक्य नीट वाच. त्यात "पैसे द्या मग रिव्ह्यू काढते" असं कुठेही नाही आणि ते कधीही लिहू नकोस, तोंडीही म्हणू नकोस. तो सौदा झाला, आणि तू एकदा सौद्यात शिरलीस की मग तुझ्यात आणि काकांच्यात काय फरक उरला. पैसे मिळोत न मिळोत, रिव्ह्यू दोन्ही वेळा सारखाच राहणार. मिळाले तर खाली एक ओळ घाल, नंतर एवढे पैसे परत केले म्हणून. तेही खरंच आहे ना.

मला विचारशील तर काका पूर्ण देणार नाहीत. दोन-अडीच हजारांवर येतील, "घरचे लोक तुम्ही" वगैरे म्हणतील. घे आणि मिटव. काहीच उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे, १९१५, तिथे तक्रार नोंदवता येते. पाटी सरकारी योजनेची असेल तर पर्यटन खात्याकडेही लिही, आणि तिथे कठड्याचं पहिल्यांदा लिही. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुला त्यासाठी दापोली-रत्नागिरीला खेपा घालायला नकोत, तू राहतेस तिथे, म्हणजे पुण्यातच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे. पण ४,६०० साठी तू तारखा घेत बसशील का? मी नसते बसले. सासूबाई जिन्यावरून पडून त्यांच्या हाताला प्लॅस्टर बसलं असतं तर नक्की बसले असते. ते तुझं तू ठरव, फक्त तोवर चॅट उडवू नकोस, मेसेज आपोआप गायब व्हायचं सेटिंग चालू असेल तर आत्ताच्या आत्ता बंद कर, फोटोंचे स्क्रीनशॉट काढ, जीपेच्या एंट्रीही.

रिव्ह्यूचं आता. "कोकणी माणूस असाच" हे आज, हे वाचून झाल्यावर लगेच काढ. माझं आजोळ तिकडचं म्हणून नाही बोलत, म्हणजे थोडं म्हणूनही बोलतेय. एका काकांवरून तू अख्खा किनारा धुतलास. उद्या पुण्यातल्या एका दुकानदारावरून कुणी सगळ्या पुणेकरांना बोललं तर तुला कसं वाटेल? बोलतातच म्हणा, पण आवडतं का तुला? आणि "चोर" काढ. चोर म्हणणं हा आरोप झाला, त्यावर उद्या कुणी बदनामीचं घेऊन बसलं तर तुझी खरी तक्रार राहील बाजूला आणि तू त्या एका शब्दाचा खुलासा करत बसशील. शिवाय शिव्या वाचून कुणाला काही कळत नाही गं. मी ठिकाण शोधते तेव्हा "एकदम बकवास" आणि "मस्त जागा, काका-काकू खूप प्रेमळ" हे दोन्ही सोडून देते आणि "गिझर आठ वाजता बंद करतात" असं कुणी लिहिलंय का ते बघते.

तेव्हा असं काहीतरी लिही: फोटोतल्या पुढच्या घरातल्या खोल्या मिळाल्या नाहीत, मागच्या इमारतीत वर दिल्या, दर तोच घेतला. जिन्याला कठडा नाही, वयस्कर माणसं असतील तर आधी विचारा. समुद्र दीड किलोमीटरवर. एसीचे वेगळे पैसे निघताना घेतले. नाश्ता उशिरा आणि एक दिवस फक्त ब्रेड. खोल्या स्वच्छ होत्या (होत्या ना? पत्रात तू त्याबद्दल काहीच बोलली नाहीस, म्हणजे असणार. तर तेही लिही). किती स्टार द्यायचे ते तू बघ, मी दोन दिले असते.

असा रिव्ह्यू नणंदेला दाखवता येतो, हा त्याचा आणखी एक फायदा. तिला तू फोन कर, मेसेज नको. तिने चांगल्या मनाने सुचवलं, ती स्वतः तिथे राहिली होती का ते विचार, माझी पैज आहे की नाही राहिली, मैत्रीण म्हणाली म्हणून पुढे सांगितलं. बिचारी उगाच मधे सापडलीय, रोज डबा खाताना ती मैत्रीण समोर. तिला म्हण, मी जे वेडंवाकडं लिहिलं ते काढलंय, त्याबद्दल सॉरी, पण आईला वरती बसून राहावं लागलं ते खोटं नाही. लक्षात घे, जिन्यावरून खाली न उतरलेली ती बाई नणंदेची आई आहे. हे तिला बहुतेक कुणी नीट सांगितलेलंच नाही, तिच्यापर्यंत फक्त "वहिनीने एक स्टार दिला" एवढंच पोचलंय. ते तूच सांग, नवऱ्यावर सोडू नकोस, तो "सोड ना" म्हणेल. (त्याला मी दोष देत नाही, ९०० रुपये देऊन निघायची घाई ज्याला असते त्याला पुढे घाट चढायचा असतो.)

पुढच्या वेळी बुकिंग करताना फोटोवर जाऊ नकोस, व्हिडिओ कॉल लाव आणि म्हण काका आत्ता फोन घेऊन त्या खोलीत जा, दारापासून दाखवा, जिना असेल तर जिना दाखवा. कोणती खोली ते मेसेजमध्ये लिहून घे, "पुढच्या घरातली, तळमजला" असं, आणि एसी, गादी, गरम पाणी यांचे वेगळे किती तेही, लाईट गेली तर इन्व्हर्टरवर निदान पंखा चालतो का तेही. आणि "वॉकेबल" शब्दावर कधीही विश्वास ठेवू नकोस. काकांनी खोटं लिहिलं असं मला वाटत नाही, त्यांची सत्तरीतली आई रोज देवळात दीड किलोमीटर चालत जाऊन येत असेल, त्यांच्या हिशोबाने ते वॉकेबलच. तू मिनिटं विचार, आणि कुणाच्या पायांनी तेही विचार. अर्धे पैसे आधी भरायला माझी ना नाही, सीझनला लोक येतो म्हणून येत नाहीत आणि खोली रिकामी राहते, मावशीचंही असं झालंय, पण मग पैसे भरल्यावर काय ठरलं त्याच्या चार ओळी तूच टाईप करून पाठव आणि त्यांचं "हो" घे.

सासूबाई शनिवारी खाली उतरल्याच नाहीत म्हणजे त्यांनी पूर्ण दोन दिवसांत समुद्र बघितला की नाही? ते पत्रात नाहीये. नसेल बघितला तर दिवाळीची सुट्टी संपली की गर्दी ओसरते, हवा बरी असते, विहिरींना पाणी असतं, तळमजल्याची खोली शोधून त्यांना एकदा घेऊन जा, गाडी थेट किनाऱ्यापाशी लागेल असं गाव बघ. मावशीचा नंबर मागू नकोस. तिच्या खोल्यांना कठडा आहे, पण तीन पायऱ्याही आहेत.